एकोणीस सेकंद, एक घोडी आणि देवगाव रंगारीचा रस्ता

या पोस्टमध्ये लेणी नाहीत, हे आधीच सांगून टाकते. वेरूळच्या समोरून गेले, पण आत पाऊल टाकलं नाही. ज्यांना कैलास लेण्याचे फोटो हवेत त्यांनी माझी मागच्या वर्षीची पोस्ट बघावी. खरं तर बघूच नये, कारण सगळा घोळ त्याच सहलीत झाला आणि तो निस्तरायला मला या वेळी परत जावं लागलं.

घोळ असा. मागच्या वर्षी पावसाळा सरता सरता वेरूळ बघून झालं आणि मी भाड्याच्या गाडीतून देवगाव रंगारीच्या बाजूला उगाच भटकत होते. रस्त्यालगतच्या माळावर एक तांबडी घोडी चरत होती. तिचे पुढचे दोन्ही पाय निळ्या नायलॉनच्या दोरीने एकमेकांना बांधलेले, एका पायात दोरी रुतून जखम झालेली, आणि बिचारी उड्या मारत मारत पुढे सरकत होती. मला गलबलून आलं. गाडीत बसूनच व्हिडिओ काढला, त्याला दुःखी बासरी लावली आणि टाकून दिला. माझी भ्रमंती एरवी जेवढे लोक बघतात त्याच्या कैकपट लोकांनी तो बघितला. चौथ्या दिवशी शहरातल्या प्राणिमित्रांच्या एका गटाने घोडी शोधून काढली, सोडवून नेली आणि मला कळवलं. मी रडले, मैत्रिणींना पेढे वाटले आणि पुढे कित्येक महिने जिथे तिथे हीच गोष्ट सांगत फिरले.

यंदा दिवाळी संपली आणि डॉ. प्रज्ञा यांचा मेसेज आला. करमाडजवळ जखमी जनावरांचा एक निवारा आहे, तिथल्या त्या डॉक्टर. घोडी त्यांच्याकडेच ठेवली होती. मेसेज एवढाच: "ताई, तुमच्याकडे मूळ व्हिडिओ आहे का? न कापलेला?"

होता. फोन साफ करायचा मला कंटाळा आहे, तो कधी नव्हे ते कामी आला. मूळ व्हिडिओत शेवटी एकोणीस सेकंद जास्तीचे होते. त्यात मागून हाक येते, "बिजलेऽऽ!" एक वयस्क बाई डोक्यावर हंडा घेऊन येते, हंडा खाली ठेवते, वाकून घोडीच्या पायांची दोरी सोडते, मानेवर एक थाप मारते, हंडा उचलते आणि चालू लागते. घोडी तिच्या मागोमाग जाते. ना लगाम, ना दावं. हे एकोणीस सेकंद मी कापले होते. लांबी जास्त होत होती हे एक कारण. दुसरं लिहायला लाज वाटते, पण लिहिते: ते ठेवले असते तर कोणाला रडू आलं नसतं.

बाकीचं डॉक्टरांनी फोनवर सांगितलं. गट त्या माळावर पोचला तेव्हा घोडी पुन्हा एकटीच चरत होती. आसपास चिटपाखरू नाही, म्हणून कागदावर 'बेवारस' अशी नोंद झाली. ती निघाली कौसाबाईंची. मेंढ्या राखणारं कुटुंब. वाडा, म्हणजे मेंढरांसकट रानातला मुक्काम, एका शिवारातून दुसऱ्या शिवारात हलवायचा तर भांडी, अंथरुणं, लहान कोकरं, सगळं या घोडीच्या पाठीवर. घोडी चोरीला गेली असं समजून त्या आठ महिने बाजार धुंडाळत होत्या. शेवटी सापडली, पण निवाऱ्याची समिती मालकीचा पुरावा मागत होती. त्यांचंही खोटं नव्हतं, पूर्वी एक व्यापारी असाच मालक बनून येऊन बैल घेऊन गेला होता. पण घोडीचा काय सातबारा असतो? जगात पुरावा एकच होता आणि तो माझ्या फोनमध्ये, कुठल्याशा थालीपिठाच्या फोटोखाली पडून होता.

व्हिडिओ पाठवायला दोन मिनिटं पुरली असती. पण समितीला व्हिडिओ काढणारीचं सहीनिशी निवेदनही हवं होतं. आणि ते नसतं मागितलं तरी आता घरात बसवत नव्हतं. मी बॅग भरली.

पुण्याहून सकाळी सातची बस घेतली तर नगरला चहा-भजी होऊन दुपारी एकच्या सुमारास तुम्ही संभाजीनगरच्या मध्यवर्ती बसस्थानकात उतरता. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, तेव्हा एकटीने फिरायला आळस करू नका. मुक्काम स्थानकाजवळ करा, कारण करमाड एका टोकाला आणि देवगाव दुसऱ्या टोकाला. संध्याकाळी जुन्या शहरात गेले. इथे येऊन नान-कलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, न खाणं म्हणजे पाप, आणि मी ते पाप आजवर कधी केलेलं नाही. त्या दिवशी मात्र अर्धी वाटी तशीच राहिली. वाढणाऱ्या चाचांनी विचारलं, "क्या हुआ, नमक कम है क्या?" मी म्हटलं, "नाही चाचा, उद्या एका ठिकाणी माफी मागायची आहे." ते म्हणाले, "तो खाके जाओ ना बाई. खाली पेट माफी माँगे तो आवाज नै निकलती." मग उरलेला नान संपवला.

दुसऱ्या दिवशी जालन्याकडे जाणारी बस धरली. चिकलठाणा, मग शेंद्र्याचे कारखाने, कामावर निघालेल्या दुचाक्यांची रांग, आणि मग एकदम दोन्ही बाजूंना पांढरं झालेलं कापसाचं रान. करमाडला उतरून रिक्षा केली. निवारा म्हणजे पत्र्याच्या चार लांब शेड, दोन कडुनिंब आणि एक मोठा हौद. फाटकाशीच कलीमभाई भेटले. निवाऱ्याची गाडी चालवणारे, वय पन्नाशीच्या पुढे, दाढी मेंदीने लाल. मागच्या वर्षी घोडी उचलून आणणारी गाडी यांचीच.

"तुम्हीच का त्या रीलवाल्या मॅडम?" त्यांनी विचारलं. "रील लई भारी होती. मैं बी रोया था." ते टोमणा मारत नव्हते, म्हणूनच जास्त लागलं.

डॉ. प्रज्ञा एका बैलाच्या खुराला पट्टी बांधत होत्या. तिशीतल्या, बारीक अंगाच्या, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत वळलेल्या. त्यांनी हात धुऊन मला निवारा दाखवला. वीटभट्टीवरून आणलेली दोन गाढवं, रस्त्यावर पाय मोडलेली कुत्री, आणि हा बैल. बाजारात टेंपोतून उतरवताना याला वरून उडी मारायला लावली होती, पाय गेला. "त्या बाजारात जनावरं चालत उतरतील असा मातीचा धक्का नव्हता," डॉक्टर म्हणाल्या. "आम्ही तीनदा निवेदन दिलं, फलक घेऊन उभे राहिलो, याचा फोटो सगळीकडे पाठवला. मग एक दिवस टेंपोवाल्यांनाच विचारलं की बाबांनो, धक्का कुठे हवा? त्यांनी जागा दाखवली, दोन ट्रॉल्या मुरूम पडला, काम झालं. तेव्हापासून तिथून पाय मोडलेलं जनावर आलेलं नाही."

"म्हणजे मोर्चा फुकट गेला?"

"नाही हो. मोर्चा नसता तर मुरूम कोणी दिला असता? पण विचारायला आधी जायला हवं होतं, हे खरं."

शेवटच्या शेडमध्ये बिजली होती. नाव बिजली, पण चाल अशी की गोगलगाय बरी. पायावरची जखम भरून तिथे पांढरे केस आले होते. आणि तिच्या पोटाला लगटून एक शिंगरू उभं होतं, सात-आठ महिन्यांचं, सगळं अंग आईसारखं तांबडं, कपाळावर टिकली. घोडी गाभण होती हे आणताना कोणालाच कळलं नव्हतं. कलीमभाईंनी शिंगराचं नाव शहजादी ठेवलं होतं. त्यांना बघितल्यावर ती थेट त्यांच्या सदऱ्याच्या खिशात तोंड घालायला लागली.

घोडीच्या पायाशी, पोत्यावर एक बाई बसून जाड सुईने काहीतरी शिवत होत्या. हिरवं लुगडं, कपाळावर गोंदण. मी ओळखलं, त्यांची पाठ मी माझ्या फोनमध्ये वर्षभर घेऊन फिरत होते. कौसाबाई दर सोमवारी दोन एसट्या बदलून इथे यायच्या, दिवसभर घोडीजवळ बसायच्या आणि शेवटच्या गाडीने परत जायच्या.

मी वाट पाहिली नाही. म्हटलं, "मावशी, तो व्हिडिओ मी काढला होता. माझ्यामुळे तुमची घोडी गेली. मला माफ करा."

त्यांनी सुई लुगड्याच्या पदराला टोचून ठेवली आणि मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "तूच का ती? मला वाटलं लई मोठी बाई आसंल." मग पोतं सरकवून जागा केली. "बस. दाव की त्यो व्हिडिओ."

मी लावला. त्यांनी फोन हातात घेतला आणि डोळ्यांजवळ नेला. व्हिडिओत त्या स्वतः हंडा घेऊन आल्या तसं म्हणाल्या, "अगं माय! मपली पाठ एवढी वाकली व्हय?" मग "पुन्यांदा लाव" म्हणाल्या. चार वेळा लावला. दर वेळी फोनमधून "बिजलेऽऽ" आलं की खऱ्या बिजलीचे कान फिरायचे. ती आधी फोनकडे बघायची आणि मग कौसाबाईंकडे. चौथ्या वेळी तिने नाकाने फुरफुर केलं आणि आम्ही दोघी हसलो.

"घोडी सापडली कशी ते ठाव हाय का तुला?" त्यांनी विचारलं. "बाजारात शिंप्याच्या दुकानाशेजारी कागद चिटकवला व्हता. बघते तं काय, मपली बिजली! शिंप्याला म्हणलं, बाबा, काय लिव्हलंय वाच. त्यो म्हणला, 'मुक्या जिवांच्या छळाला पायबंद घाला.' म्या म्हणलं, आरं, पायबंद तं म्या घातलाच व्हता! मंग कामून नेली?"

मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. घोड्याचे पुढचे पाय एकमेकांना बांधतात, म्हणजे तो चरू शकतो पण लांब पळू शकत नाही, त्या बंधनाचं नाव पायबंद. शहरात आपण भ्रष्टाचाराला पायबंद घालतो, महागाईला घालतो, निदान तशी भाषणं करतो. पायबंद ही हातात धरता येणारी, गाठ मारायची वस्तू आहे हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. पोस्टरवरचा फोटो माझ्याच व्हिडिओतला होता. घोषणा डॉक्टरांची होती. त्या मागे उभ्या होत्या, म्हणाल्या, "मी रात्रभर बसून बनवली होती ती ओळ. एकाही मेंढपाळाला दाखवली नव्हती."

"पर जखमेचं खोटं नव्हतं," कौसाबाई अचानक म्हणाल्या. त्यांचा आवाज उतरला होता. "आधी आमी लोकरीची दोरी वळायचो. मंग बाजारात ही निळी आली. सस्त, टिकाऊ. म्याच आणली. आठ महिनं चोराला शिव्या देल्या, आन् हितं येऊन तिच्या पायाचे पांढरे केस बगितले तव्हा कळलं, आपल्या हातानंच रुतवली." बोलता बोलता त्या घोडीच्या त्याच पायावरून हात फिरवत होत्या. बिजलीने तो पाय जरासा पुढे केला.

दुपारी समितीचे अध्यक्ष आले. एका बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, कागद पिशवीत नीट लावलेले. कडुनिंबाखाली टेबल मांडलं. त्यांनी व्हिडिओ दोनदा बघितला आणि चष्मा काढला.

"हे शेवटचं आधी का नव्हतं?"

"मी कापलं होतं."

"का?"

"त्याने गोष्ट बिघडत होती," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. मग निवेदनाचा कागद माझ्यापुढे सरकवला आणि मी सही केली. मला वाटलं झालं. पण त्यांनी दुसरा कागद काढला, जनावर परत नेताना मालकाने द्यायचं हमीपत्र. डॉक्टरांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. त्यात चौथी ओळ होती, 'यापुढे मी या जनावराचे पाय बांधणार नाही.' कलीमभाईंनी शाईचा डबा उघडून पुढे धरला.

कौसाबाईंनी हात मागे घेतला. "ह्याच्यावर आंगठा नाय द्यायची म्या."

"मावशी, अहो घोडी मिळतेय ना," मी कुजबुजले. मनात म्हणत होते, द्या ना अंगठा, माळावर कोण बघायला येणार आहे? माझ्याच काय, तिथल्या प्रत्येकाच्या मनात तेच होतं, अगदी डॉक्टरांच्याही.

"आंगठा म्हंजी जबान हाय," त्या म्हणाल्या. "आज सांजंला म्या तिला बांधणार. नाय बांधली तं ती दुसऱ्याच्या मक्यात जाईल, न्हाय तं डांबरीवर जाईल. खोटं लिव्हून घोडी नको मला."

अध्यक्ष म्हणाले, "बाई, मग मला देता येणार नाही. नियम आहे."

"मंग ऱ्हाऊ द्या." त्या उठल्याच. घोडीकडे बघितलं सुद्धा नाही, सरळ फाटकाकडे तोंड केलं. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ते पुसायचीही त्यांनी तसदी घेतली नाही. आठ महिने जिला शोधलं आणि मग दर सोमवारी जिच्यासाठी दोन एसट्या बदलल्या, ती घोडी त्या एका ओळीपायी सोडून निघाल्या होत्या. मला त्या क्षणी त्यांचा राग आला आणि स्वतःची त्याहून जास्त शरम वाटली.

डॉक्टरांनी शेडमधून ते शिवणकाम आणलं आणि अध्यक्षांच्या पुढ्यात कागदावर ठेवलं. चार बोटं रुंद पट्टा. बाहेरून जुन्या घोंगडीचा तुकडा, आतून मऊ झालेल्या लुगड्याच्या तीन घड्या, अडकवायला लाकडी गुंडी. "सर, आधी आपण म्हणालो, पायबंद बंद करा," त्या म्हणाल्या. "एका मेंढपाळाने आपलं ऐकलं. त्याची मोकळी घोडी दुसऱ्याच्या मक्यात शिरली, डोकी फुटायची वेळ आली. तेव्हा या मावशींनी सोमवारी बसल्या बसल्या असे पट्टे केले. तीन महिने मी चार घोड्यांवर बघतेय, एक केससुद्धा गेलेला नाही. पाय बांधण्यात दुखणं नव्हतं. दोरीत होतं."

अध्यक्षांनी पट्टा हातात घेतला, स्वतःच्या मनगटाला गुंडाळला, गुंडी लावली, मनगट फिरवून बघितलं. मग पट्टा न काढताच खिशातलं पेन काढलं आणि चौथ्या ओळीत वर तीन शब्द घातले. ओळ झाली, 'यापुढे मी या जनावराचे पाय जखमी करणाऱ्या दोरीने बांधणार नाही.' खाली त्यांनी आपली छोटी सही केली.

"बाई, आता?"

डॉक्टरांनी वाचून दाखवलं. कौसाबाईंनी "पुन्यांदा वाच" म्हणून दोनदा वाचून घेतलं. आणि मग अंगठा असा दाबला की टेबल हललं.

कौसाबाई त्या रात्री निवाऱ्यातच राहिल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी निघालो. गाडीला मागे फळीचा उतार लावला होता, तरी बिजली चढेना. कलीमभाई म्हणाले, "गुस्सा है उसको इस गाडी पे. पिछली बार मैंच लाया था ना." शेवटी कौसाबाई स्वतः चढून आत बसल्या आणि नुसतं "ये" म्हणाल्या. ती गेली, मागून शहजादी. मी पुढे कलीमभाईंच्या शेजारी बसले.

शहरातून दौलताबादकडे निघालो. रस्त्यात किल्ल्याच्या तटाचा एक जुना दरवाजा लागतो, त्यातून एका वेळी एकच गाडी जाते, तेव्हा घाईत निघू नका. दौलताबादला सीताफळांचा हंगाम सरत आला होता. टोपलीत मागे राहिलेली बारीक, पण साखर. विकणाऱ्या बाईने गाडीत घोडी बघून तिच्यासाठी दोन सालींसकट दिली. घाट चढून खुलताबाद, मग वेरूळ. (मंगळवारी लेणी बंद असतात, दर वर्षी कोणीतरी मला हे विचारतंच.) कसाबखेड्याच्या फाट्यावरून देवगावचा रस्ता घेतला. रस्त्याच्या कडेला मका वाळत घातलेला, बायका कापूस वेचत होत्या. देवगाव आल्यावर कलीमभाई म्हणाले, "शहजादी मेरे हाथ में पैदा हुई मॅडम. तीन दिन तो बाटली से दूध पिलाया, माँ कमजोर थी. अब ये मेरेकू पैचानेगी क्या?"

वाडा गावाबाहेर एका कापणी झालेल्या रानात होता. जाळीच्या कुंपणात मेंढ्या, तीन दगडांची चूल, आणि कौसाबाईंचे यजमान महादूबुवा, हातात काठी घेऊन उभे. घोडी उतरली तसे पुढे आले, तिच्या कपाळाला कपाळ लावलं आणि तसेच उभे राहिले. मग शिंगराकडे बघून पहिल्यांदा तोंड उघडलं, "ही बोनस."

बाजरीची भाकरी, लसणाचा ठेचा आणि शेळीच्या दुधाचा चहा झाला. इतका दाट चहा मी आयुष्यात प्यायले नाही. मेंढ्या रानात बसवल्याचं खत होतं म्हणून शेतकरी बोलावतात आणि धान्य देतात, पण घोडी नसल्याने यंदा यांना लांबची रानं सोडावी लागली होती. कौसाबाईंनी दोन हंगाम भांडी डोक्यावर वाहिली. हे त्यांनी तक्रारीच्या सुरात नाही, मी विचारलं म्हणून सांगितलं.

कलीमभाई निघाले तशी शहजादी त्यांच्या मागे चालू लागली. ते थांबले, ती थांबली. ते वळून म्हणाले, "नक्को बेटा, घर यही है." महादूबुवांनी त्यांचा खांदा धरला आणि म्हणाले, "भाई, दर म्हैन्याला या. न्हाई आलात तं आमीच घोडीवर बसून येऊ." कलीमभाई डोळे पुसत हसले.

ऊन कलायला लागलं तेव्हा कौसाबाईंनी तो पट्टा माझ्या हातात दिला. "घाल."

"मी?"

"तू दोरी बगितली. आता पट्टा तूच बांध. म्हंजी तुला कळंल."

मी मातीत गुडघे टेकले. घोडीच्या इतक्या जवळ मी कधी गेले नव्हते. तिच्या पायाला गरम वास येत होता, गवताचा आणि घामाचा. पांढरे केस आलेली जागा माझ्या बोटांखाली गुळगुळीत लागली. गुंडी दोनदा निसटली. बिजली हलली नाही. मी एक पाय बांधला, मग तिने दुसरा आपणहून जवळ आणून ठेवला. कौसाबाई वरून म्हणाल्या, "सकाळी सोडते, सांजंला बांधते. रोज सुटका करते म्या तिची. तुमी एकदाच केली आन् लई गाजली." आणि खुदकन हसल्या. मी मात्र तिथेच घोडीच्या पायाशी बसून रडले, आणि या वेळी मला कोणी बघावं असं वाटत नव्हतं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. बास, माफीचं एवढंच बोलणं झालं.

परत येऊन महिना झाला. मी संपूर्ण व्हिडिओ टाकला, वर काय घडलं ते लिहून. तो फार कोणी बघितला नाही. ज्यांनी बघितला त्यातल्या काहींनी आधी कापला म्हणून मला शिव्या दिल्या, काहींनी घोडी परत का दिली म्हणून दिल्या. पहिल्या व्हिडिओची मला पूर्ण शरम वाटते का, हे मी स्वतःला विचारलं. नाही वाटत. तो नसता तर जखम कोणी बघितली नसती आणि पट्टाही झाला नसता. पण कौसाबाईंच्या डोक्यावरचा तो दोन हंगामांचा भार माझ्या नावावर आहे, आणि तो कुठल्याही पट्ट्याने उतरत नाही. हे दोन्ही एकाच वेळी मनात घेऊन राहायला मी शिकतेय. सहलीला जाणाऱ्यांना मी आता एवढंच सांगते: जनावराचे हाल दिसले तर जरूर थांबा, फोटो काढा, कळवा. पण गाडीतून खाली उतरा आणि हंडा घेऊन कोण येतंय त्याची वाट बघा.

काल दुपारी भांडी घासत होते तेव्हा फोन वाजला. कलीमभाईंचा आवाजी संदेश होता. सिल्लोडच्या रस्त्यावर कोणा पर्यटकाला पाय बांधलेली घोडी दिसली, त्याने व्हिडिओ पाठवला, निवाऱ्याची गाडी निघाली. तिथे त्यांनी आधी आसपासच्या रानात हाका मारल्या. तासाभराने मालकीणबाई आल्या. डॉक्टरांनी तिथेच जखम धुतली, निळी दोरी कापली, पट्टा बांधून दिला, आणि दोघांनी त्यांच्याकडे चहा घेतला. मागे बकऱ्यांचा आवाज येत होता आणि कलीमभाई ओरडून सांगत होते, जणू एखादी लढाई जिंकून आलेत:

"मॅडम, सुनो तो! आज गाडी खाली वापस आई!"